आजोळचा लेफ्ट बॅक

क्लबात त्याला सगळे उसन्या म्हणत, आणि हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. फुटबॉलच्या धंद्यात असं होतं, की एखादा खेळाडू क्लबाला सध्या नको असतो, पण कायमचा सोडवतही नाही. मग त्याला हंगामभर दुसऱ्या क्लबाला उसना देतात. आपला गडी असा सात-आठ ठिकाणी फिरला. कुठे जरा बूड टेकतंय तोवर परत जायची वेळ यायची. चुकून एखाद्या क्लबात दोन हंगाम सलग राहिलाच, तर ड्रेसिंग रूममध्ये तोच पहिला बोलायचा, "मला परत न्यायचंय हे विसरलेले दिसतात मालक." पोरं हसायची आणि तो बुटांच्या नाड्या सोडायला लागायचा.

स्वतःची खिल्ली उडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दुसऱ्यानं टपली मारायच्या आत आपणच आपल्या डोक्यात मारून घ्यायची, म्हणजे कमी लागतं, असा त्याचा हिशेब. लहानपणापासूनची सवय ती. वडील या देशातले, आई शेजारच्या देशातली. सीमा, पासपोर्ट, झेंडे या मोठ्या माणसांच्या भानगडी. त्याच्या लेखी एक होतं घर आणि एक होतं आजोळ. शाळेत पोरं म्हणायची, हा तिकडचा. सुट्टीत आजोळी गेला की मामेभावंडं म्हणायची, हा तिकडचा. दोन्हीकडच्यांचं निदान एका बाबतीत तरी एकमत आहे, म्हणून तो खूश असायचा. पुढे मोठा झाल्यावर कोणी राष्ट्रीयत्व विचारलं की सरळ सांगायचा, "तिकडचा."

घर मोठं. मोठाली मैदानं, हजारो खेळाडू, एकेका जागेसाठी पन्नास जण रांगेत. आजोळ लहान. तिथे धड मैदान एकच, त्याला प्रेक्षकांची गॅलरीही एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला लोक घरच्या खुर्च्या आणून बसत. राष्ट्रीय संघाचा गोलकीपर पाव भाजायचा, कॅप्टन कस्टममध्ये कारकून होता, आणि संघाचे मॅनेजर होते उसन्याचे सख्खे मामा. मामा एरवी बस चालवत. सामना लांबच्या गावी असला तर तीच बस घेऊन संघासकट निघत.

आणि त्या एकुलत्या मैदानाचे माळी कोण, तर आईचे वडील. आईचं सगळं बालपण त्या मैदानाच्या कुंपणाला लागून असलेल्या दोन खोल्यांत गेलेलं. गवत कुठे दाट येतं, पाणी कुठे साचतं, कोणत्या कोपऱ्यात खेळाडू घसरतात, हे तिला आपल्या स्वयंपाकघरासारखं पाठ. आजोबा गेले तेव्हा ती इथे होती आणि उसन्या तिच्या पोटात होता. जाणं जमलं नाही. तेव्हापासून तिचा एकच ध्यास होता. पोरानं एकदा आजोळचा शर्ट घालून त्या गवतावर पळावं. एकदाच. ती हे फारसं बोलून दाखवायची नाही, पण घरात कोणाला माहीत नाही असंही नव्हतं. बाबांनाही माहीत होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि दिवसाला जेमतेम चार वाक्यं बोलायचे. त्यांतलं एकही त्यांनी या विषयावर खर्च केलं नाही.

तर उसन्यानं नुकतीच एकविशी ओलांडली होती, तेव्हा मामा पहिल्यांदा विचारायला आले. "आमच्याकडून खेळ. डावीकडचा बचाव सांभाळायला, लेफ्ट बॅकला, आमच्याकडे भूगोलाचे मास्तर आहेत, त्यांचा गुडघा गेलाय." उसन्या म्हणाला, विचार करून सांगतो. खरं तर विचार काय करायचा होता? पण हा पठ्ठ्या कोणाला पटकन हो म्हणायचा नाही आणि नाही तर मुळीच म्हणायचा नाही. मामा गेले आणि त्याच आठवड्यात घरच्या राष्ट्रीय संघाकडून बोलावणं आलं. राखीव म्हणून. याला वाटलं, बेंचवर तर बसायचंय, बसून येऊ. बेंचवर बसण्याचा त्याचा अनुभव तसा दांडगा होता.

सामना होता मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीचा. घरचा संघ तीन गोलांनी पुढे. खेळ संपत आला होता, लोक उठून चालायला लागले होते, आणि कोचनी मागे वळून बोटानं खूण केली. आधी याला वाटलं, पाण्याची बाटली मागतायत. यानं बाटली दिली. कोचनी बाटली खाली ठेवली आणि म्हणाले, "तू जा." आता कोच जा म्हणतात आणि तुम्ही म्हणता थांबा, आईला विचारून येतो, असं कुठे असतं का? हा गेला.

पुढची दोन-तीन मिनिटं त्यानं आयुष्यभर लोकांना साभिनय करून दाखवली. आत गेला तो नाडी सुटलेली, म्हणून खाली बसला. उठला तर खेळ दुसऱ्या टोकाला. धावत तिकडे पोचला तर खेळ इकडे. शेवटी चेंडू त्याच्या समोरून रेषेबाहेर गेला आणि तो हातानं आत फेकायचा थ्रो-इन याला मिळाला. थ्रो-इन करताना दोन्ही पाय जमिनीला टेकलेले लागतात, हे सात वर्षांच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात. यानं एक पाय झकास वर उचलला. रेफरीनं शिट्टी मारली, फाऊल थ्रो, चेंडू समोरच्यांना. आणि लगेच खेळ संपल्याची शिट्टी. "माझ्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत," तो सांगायचा, "चेंडू एकदाच माझ्याकडे आला, तोही हातात, आणि तोही रेफरीनं काढून घेतला."

बसमध्ये राखीव गोलकीपर त्याच्या शेजारी बसला होता. तो हसत म्हणाला, "तुला कळलं ना, कशाला उतरवलं? तुझ्या आजोळवाल्यांनी तुझ्यावर डोळा ठेवलाय. तू आता त्यांना मिळायचा नाहीस. झाकण लावलं तुला." नियम तसाच होता. एकविशी ओलांडलेला माणूस एकदा का एका देशाकडून स्पर्धेचा सामना खेळला की दुसऱ्या देशाचं दार बंद. किती वेळ खेळलास, चेंडू हाताला लागला की पायाला, कोणी विचारत नाही.  उसन्या गोलकीपरपेक्षाही मोठ्यानं हसला.

घरी आल्यावर आई म्हणाली, "छान झालं, टीव्हीवर दिसलास," आणि लवकर झोपायला गेली. आई लवकर झोपणाऱ्यांतली नव्हती.

घरच्या संघानं पुन्हा काही त्याला बोलावलं नाही. झाकण लावून ठेवलेल्याला कोण बोलावतं? उसन्या क्लबाक्लबातून फिरत राहिला, आणि झाकणाची गोष्ट त्याच्याबरोबर फिरली. लग्नात, वाढदिवसाला, विमानतळावर उशीर झाला तर तिथे. उशी हातात घ्यायची, पाय वर उचलायचा, तोंडानं शिट्टी. लोक हसून लोटपोट व्हायचे. आई तेवढी त्या वेळी काहीतरी आणायला आत जायची.

अशी बारा वर्षं गेली. उसन्या तेहेतिशीचा झाला, सकाळी उठल्यावर गुडघे त्याच्या नंतर उठायला लागले. आणि काय झालं कोणास ठाऊक, आजोळचा संघ चक्क जिंकायला लागला. पाववाल्या गोलकीपरच्या जागी त्याचा मुलगा आला होता, आणि पोरानं कमाल केली. आता एका मोठ्या स्पर्धेच्या दारात ते उभे होते. शेवटचा सामना आपल्याच मैदानावर, आजोबांच्या गवतावर. फक्त लेफ्ट बॅक नव्हता. मास्तर कधीच निवृत्त झालेले.

मामा पुन्हा आले, या खेपेला एका वकीलबाईंना घेऊन. बाई म्हणाल्या, नियमात एक फट आहे. खेळाडूची दुसरी वाट बंद करायच्या हेतूनंच त्याला उतरवलं होतं, असं सिद्ध झालं तर समिती सवलत देऊ शकते. सुनावणी होईल.

"सिद्ध काय करायचं त्यात?" उसन्या म्हणाला. "सगळ्या जगाला माहीत आहे. माझ्याइतका बिनकामाचा खेळाडू दुसऱ्या कोणत्या कारणासाठी उतरवतील?"

"तेव्हाच्या कोचना साक्षीला बोलवावं लागेल," बाई म्हणाल्या. "त्यांच्याशी तुम्ही बोलता का आधी?"

उसन्यानं हात झटकले. त्या माणसाला फोन करायचा म्हणजे काय म्हणायचं? मीच तो, पाय उचलणारा? त्याची काही हिंमत झाली नाही. बाईंच्या ऑफिसातून फोन गेला. कोच म्हणाले, येतो, खरं काय ते सांगतो. एवढ्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खरं काय आहे, हे त्यांना विचारायचं मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. बारा वर्षं ऐकलेली गोष्ट, तिला विचारायचं काय?

सुनावणी एका ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर होती. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, भिंतीवर पडदा. खिडकी उघडायची नाही अशी पाटी, आणि तशी ती उघडतही नव्हती. समितीचे तिघं समोर. मधे अध्यक्षबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. इकडे उसन्या, वकीलबाई, मामा आणि आई. आईनं दाताच्या दवाखान्यातून सुट्टी घेतली होती. ती तिथे डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची, आणि येताना लिफ्टमध्ये तिनं लेकाला बजावलं होतं, "तोंड नीट उघडून बोल. पुटपुटू नकोस."

बजावायची गरजच नव्हती. वकीलबाईंनी पडद्यावर ती दोन-तीन मिनिटं दाखवली आणि उसन्याला कंठ फुटला. "इथे बघा, नाडी बांधतोय. इथे मी चेंडूच्या शोधात निघालोय. आणि हा बघा, हा माझा उजवा पाय, का वर गेला ते त्यालाच माहीत." समितीतले एक गृहस्थ हसू दाबायला पाणी प्यायले. अध्यक्षबाईंनीही चष्मा काढून पुसला. प्रकरण रंगात आलं होतं. मामांनी टेबलाखालून उसन्याचा गुडघा थोपटला, दुखरा नेमका. आईच्या चेहऱ्यावर आशा अशी स्वच्छ दिसत होती की उसन्यानं तिकडे बघायचंच टाळलं. जिंकतोय आपण, त्याला वाटलं. आयुष्यभर स्वतःला नावं ठेवली, त्याचं आज सार्थक होतंय.

मग कोच आत आले. सत्तरी उलटलेली, हातात काठी, कोट थोडा मोठा झालेला. बसले, काठी टेबलाला टेकवली, ती पडली, उसन्यानं उठून उचलून दिली.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "या खेळाडूला आईच्या देशाकडून खेळता येऊ नये, म्हणून तुम्ही त्याला उतरवलंत. बरोबर?"

कोचनी उसन्याकडे बघितलं. "याला दुसरा देश आहे?" ते म्हणाले. "हे मला आज कळतंय."

 वकीलबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मग का उतरवलंत?"

"चांगला होता म्हणून," कोच म्हणाले. असलं काय विचारता, असा सूर. "वर्षभर बघत होतो मी याला. तेव्हा हा उसना होता कुठल्यातरी क्लबात, छप्पर गळणाऱ्या. मी तिकीट काढून मागच्या बाकावर बसायचो. देशात तेव्हा याच्याइतका चांगला लेफ्ट बॅक नव्हता. पुढच्या सामन्यात पहिल्यापासून खेळवणार होतो. त्याआधी मोठ्या मैदानाची भीती मोडावी, म्हणून शेवटी जरा आत पाठवला."

"मग पुढच्या सामन्यात का नाही खेळवलंत?"

"पुढच्या सामन्याआधी मला घरी पाठवलं. वरच्यांशी वाजलं होतं माझं. नवीन आला त्यानं आपली माणसं आणली."

"हे तुम्ही या खेळाडूला सांगितलं नव्हतं?"

म्हातारा जरा ओशाळला. "त्याच दिवशी सांगणार होतो. बसमध्ये चढलो तर त्या फाऊल थ्रोवरून सगळे हसत होते. हाही हसत होता, सगळ्यांत मोठ्यानं. म्हटलं याला काही वाटलेलं दिसत नाही, सांगू सावकाश. मग राहूनच गेलं."

उसन्यानं तोंड उघडलं. अशा वेळी त्याच्या जिभेवर काहीतरी आपोआप यायचं. आज काही आलं नाही. त्याला एकदम त्या गळक्या छपराचं मैदान आठवलं. तिथे रिकाम्या बाकांपुढे आपण किती जिवाच्या आकांतानं पळायचो, आणि घरी आल्यावर कशाला पळलो म्हणून स्वतःलाच कसे चिडवायचो, तेही आठवलं. कोणीतरी बघत होतं. तिकीट काढून बघत होतं.

वकीलबाई हुशार. त्या कानाशी लागल्या. "सामना घरच्या संघानं तीन गोलांनी जिंकला होता, कोच आमच्याशी फोनवर दोन म्हणाले होते. यांची आठवण भरवशाची नाही, असं म्हणता येईल. तुम्ही ठाम सांगा की तेव्हाच तुम्हाला झाकणाचं कळलं होतं. प्रकरण अजून हातचं गेलेलं नाही."

मामा डोळे वटारून बघत होते. बोल, म्हणत होते ते डोळे. आणि बोलणं किती सोपं होतं! या साहेबांचं वय झालंय, मी काही चांगलाबिंगला नव्हतो, हे वाक्य तर तो झोपेतही म्हणू शकला असता. ते म्हटलं की आजोळ, आजोबांचं गवत, आईचा एकुलता एक हट्ट, सगळं हाताशी. उसन्यानं आईकडे बघितलं.

आई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती कोचकडे बघत होती.

"साहेब," ती म्हणाली. तिला बोलायची परवानगी नव्हती, पण अध्यक्षबाईंनी अडवलं नाही. "तुम्ही आत्ता काय म्हणालात ते पुन्हा सांगाल?"

"कोणतं?"

"याच्याबद्दल म्हणालात ते. देशात तेव्हा."

"यांना गप्प बसवा कोणीतरी," असं वकीलबाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, पण बसवणार कोण? मामांनीच मान खाली घातली होती.

कोचनी पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक शब्द. आईनं ऐकलं, मान हलवली आणि पदराच्या टोकानं नाही, सरळ तळहातानं डोळे पुसले.

अध्यक्षबाई उसन्याकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे? हे तुम्हाला मान्य आहे?"

तो उभा राहिला. उभं राहायची गरज नव्हती. "मान्य आहे," तो म्हणाला. "यांची आठवण पक्की आहे. चुकीचं मला माहीत होतं."

"याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?"

"कळतोय."

त्यांनी फाइल मिटली. लेखी निकाल नंतर येईल म्हणाल्या, पण आता त्यात काही उरलं नव्हतं. वकीलबाई आपली पिशवी उचलून निघून गेल्या. मामा दारापर्यंत गेले, परत आले, उसन्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि म्हणाले, "माझा लेफ्ट बॅक गेला रे, गाढवा." मग त्याच हातानं त्याचं डोकं छातीशी ओढून धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. म्हातारे कोच बाजूला काठी घेऊन उभे होते. आपण काही बिघडवलं का, असं दोनदा विचारून झालं होतं. नाही म्हणून त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं.

जिन्याजवळ आई थांबली. उसन्या चाचरत म्हणाला, "आई, तुझं मैदान राहिलं."

"राहिलं," आई म्हणाली. "वाईट वाटतंय मला. खूप वाटतंय. खोटं कशाला बोलू?" आणि तिनं पर्समधून फोन काढून बाबांना लावला. बाबा कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनपाशी होते. मागे घरघर ऐकू येत होती. त्यांनी विचारलं, काय निकाल लागला?

"निकाल राहू द्या हो," आई म्हणाली. "आधी हे ऐका, ते कोच काय म्हणाले ते..." आणि पुढे तिला बोलवेना. तिनं फोन लेकाच्या हातात दिला.

"बाबा," उसन्या म्हणाला, "काही नाही, एक म्हातारबुवा आले होते, त्यांचा चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतो, ते म्हणत होते..."

आई समोर उभी होती. तिनं नुसती मान हलवली. नाही.

उसन्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. तेहेतीस वर्षांत जे वाक्य त्यानं कधी उच्चारलं नव्हतं, ते बोलताना त्याचा आवाज चिरकला, पण त्यानं ते शेवटपर्यंत नेलं.

"ते म्हणाले, देशात तेव्हा माझ्याइतका चांगला लेफ्ट बॅक नव्हता."

पलीकडची घरघर थांबली. बाबांनी मशीन बंद केलं होतं.

"पुन्हा सांग," बाबा म्हणाले. "नीट ऐकू आलं नाही."

त्यानं पुन्हा सांगितलं.